कोकोचे शंकरपाळे

आमच्या ग्रुपवर आठवणींचा ठेका माझ्याकडे आहे. नाशिक रोडच्या एका कॉलनीत एकत्र वाढलेल्या आम्ही सतरा जणी, सगळ्या आता पंचेचाळिशीच्या आसपास. निम्म्या अजून नाशकात, बाकीच्या पुणे-ठाण्यापासून थेट परदेशापर्यंत पांगलेल्या. सकाळचा चहा झाला की मी मोबाईलवर काहीतरी टाकते. शेजाऱ्यांचा फोन नंबर आपलाच असल्यासारखा सगळ्यांना कसा द्यायचो. रविवारी सकाळी टीव्ही असलेल्या घराच्या दारात चपलांचा ढीग कसा पडायचा. गेलेली वीज परत आली की सगळी कॉलनी एका आवाजात कशी ओरडायची. लगेच अंगठे येतात, लाल बदाम येतात, रडके चेहरे येतात. कोणीतरी हमखास लिहितं की तुझ्या मेमरीची कमाल आहे बाई. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

दोनेक वर्षांपूर्वी मी नव्वदीच्या बालपणावर एक लांबलचक लिहिलं होतं. ते ग्रुपबाहेरही इतकं फिरलं की माझ्या नणंदेने मलाच परत पाठवलं, खाली ‘लेखक अज्ञात’ असं लिहून. त्यात एक वाक्य होतं: ‘कोण श्रीमंत, कोण गरीब हे तेव्हा आम्हाला कळायचंसुद्धा नाही.’ या वाक्यावर सगळ्यात जास्त बायका रडल्या.

ते धादांत खोटं आहे. आम्हाला कळायचं. माझ्या मुलीला आज कळत नाही इतकं तेव्हा मला कळायचं. कोणाच्या घरी गॅस आणि कोणाच्या घरी स्टोव्ह, कोणाचा फ्रॉक नवा आणि कोणाचा मोठ्या बहिणीच्या मापाचा, कोण डबा उघडून खातं आणि कोण झाकणाआड खातं, सगळं आम्हाला तोंडपाठ होतं. ते कोणी शिकवलं नव्हतं. आपापल्या आयांकडे बघून आम्ही ते उचललं होतं आणि त्यात आम्ही आयांच्याही पुढे गेलो होतो.

कॉलनी सरकारी नोकरदारांची. बैठी घरं, पुढे अंगण, अंगणात जास्वंद आणि एखादा पेरू. कॉलनीच्या मागच्या भिंतीपलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. तिथे आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी राहायच्या. मूळच्या दिंडोरीकडच्या, नवरा नव्हता, म्हणजे होता पण कुठे होता ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांना एकच मुलगी, माझ्याच वर्गात. भिंतीचा एक कोपरा ढासळून तिथे खिंडार पडलं होतं, त्यातून ती आमच्यात खेळायला यायची. आम्ही तिला खेळायला घ्यायचो. लगोरीत चेंडू गटारात गेला की काढायला कोणीतरी लागायचंच.

नवरात्रात आमच्याकडे भोंडला असायचा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि मग खिरापत. खिरापत म्हणजे शेवटी वाटायचा खाऊ. तो झाकलेल्या डब्यातून यायचा आणि आत काय आहे ते फेरातल्या मुलींनी ओळखायचं असायचं. गोड का तिखट, तळलेलं का भाजलेलं, डबा हलवून दाखव, असं बराच वेळ चालायचं. जिची खिरापत कोणालाच ओळखता आली नाही, ती दुसऱ्या दिवशी शाळेत अशी चालायची की जणू बोर्डात आली आहे. ओळखली गेली तर मग तो नुसता खाऊ.

माझी खिरापत सलग तीन वर्षं ओळखली गेली होती. माझ्या आईचा जीव नारळाच्या वड्यांपलीकडे जायचा नाही. तिसऱ्या वर्षी तर डबा अंगणात यायच्या आधीच सगळ्या जणी ‘वड्या’ म्हणून ओरडल्या. त्यानंतर मी दोन दिवस आईशी बोलले नाही. म्हणून सातवीच्या वर्षी आईने मनावर घेतलं. कुठल्याशा दिवाळी अंकात तिला कोकोच्या शंकरपाळ्यांची कृती सापडली. कोको पावडर तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायची नाही. आईने शहरात मेन रोडवर जाऊन, तीन दुकानं पालथी घालून, एक पुडी आणली.

शंकरपाळे केले मावशींनी. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातच होते. नैवेद्याचं आधी चाखायचं नसतं, म्हणून तळताना त्यांनी एक तुकडासुद्धा तोंडात टाकला नाही. खुसखुशीत झाले का ते नुसतं मोडून बघितलं आणि मोडलेला पुन्हा ताटात ठेवला. आईने त्यांना दोनदा बजावलं की हे बाहेर कोणाला कळता कामा नये. मावशी म्हणाल्या, “नाय सांगत ताई. माझ्या पोरीला तर अजिबात नाय.” आणि त्यांनी सांगितलं नाही. हे मला पक्कं माहीत आहे, कारण सांगितलं ते मी.

त्याच दुपारी, खिंडारापाशी. गुपित एकटीने बाळगण्यात काय मजा? आपल्याकडे काहीतरी आहे हे दुसऱ्या कोणालातरी कळावं लागतं. आणि तिला सांगण्यात धोका नव्हता. ती खिरापत कधी ओळखायचीच नाही. आम्ही आरडाओरडा करायचो तेव्हा ती मागे उभी राहून फ्रॉकचा बंद चावत राहायची. तरीही मी तिला शप्पथ घातली. गळ्याला चिमटा धरायला लावून तिच्याकडून म्हणवून घेतलं, की हिने सांगितलं असं मी कोणालाही, कधीही सांगणार नाही, आईशप्पथ. आमच्या कॉलनीचे याबाबतचे नियम पक्के होते. आईशप्पथ मोडली की आई मरते. सुटका एकच, जिने शप्पथ घातली तिने समोर उभं राहून ‘सुटली’ म्हणायचं. हे नियम सगळ्यांना मीच शिकवले होते. मी तेव्हाही ठेकेदारच होते.

संध्याकाळी माझा डबा अंगणात आला आणि कोणालाच काही सुचेना. चकली, करंजी, चिरोटे, बेसनाचे लाडू, कोणीतरी घाबरत केकसुद्धा म्हणून पाहिलं. मी डबा हलवत, नाही नाही म्हणत फिरत होते. आयुष्यात इतका आनंद मला पुढे फार कमी वेळा झाला आहे. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण ती मागे उभी होती, बंद चावत. आणि मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, “तू पण सांग की काहीतरी. तुला काय सुचणार म्हणा, तुमच्या डब्यात आमच्याच पोळ्यांचा चुरा असतो.”

सगळ्या हसल्या. उरलेल्या पोळ्या मावशी घरी न्यायच्या, त्याचा चुरा करून गूळ घालून लाडू वळायच्या, हे मी वर्गात बाकावर बसून सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं. तिने फ्रॉकचा बंद तोंडातून काढला. माझ्याकडे सरळ बघितलं आणि कविता म्हणून दाखवावी तसं स्पष्ट म्हणाली, “कोकोचे शंकरपाळे.”

माझी आई आवाज चढवायची नाही. तिच्या न्यायीपणाचं कॉलनीत कौतुक होतं. दोन बायकांचं वाजलं की तिला बोलवायचे. तिने शांतपणे माझ्या हातातला डबा घेतला, एकीला पाठवून मावशींना बोलावून आणलं, आणि सगळ्या मुली आणि त्यांच्या आया उभ्या असताना विचारलं की हिला कोणी सांगितलं. मावशी म्हणाल्या, मी नाही. हात पिठाचे होते, तशाच आल्या होत्या. मग आईने तिला विचारलं, तुला कोणी सांगितलं?

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मला एक शब्द म्हणायचा होता आणि तो कोणता ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी पाटावरच्या हत्तीकडे बघत राहिले. हत्तीचा एक डोळा फिसकटला होता.

“मी डबा उघडला,” ती म्हणाली. “चोरून.”

मावशींनी तिला तिथेच मारलं. एक कानाखाली, मग पाठीत, मग दिसेल तिथे. देवाचं होतं ते, देवाच्या आधी तोंड लावलंस, असं म्हणत म्हणत मारलं. मला वाटतं, बाकीच्या बायकांनी थांबवावं म्हणून त्या जास्तच मारत होत्या. कोणी थांबवलं नाही. आईने मारणं संपेपर्यंत वाट पाहिली आणि सांगितलं की उद्यापासून येऊ नका. ते तिने अगदी सौम्यपणे सांगितलं. दसऱ्यापर्यंत मावशींची कॉलनीतली बाकीची दोन कामंही गेली, कारण माझ्या आईसारख्या बाईने काढलं म्हणजे तसंच काहीतरी असणार. दिवाळीनंतर पत्र्याच्या खोलीला कुलूप दिसलं. दोघी दिंडोरीला मामाकडे गेल्या, मावशी द्राक्षांच्या बागेत मजुरीला जातात, असं कोणीतरी सांगितलं.

त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं, ते कशाचं ते पण सांगते. खिरापत ओळखली गेली याचं. दोघी खिंडारातून गेल्यावर आईने शंकरपाळे वाटले आणि आम्ही सगळ्यांनी ते खाल्ले. छान झाले होते. किंचित कडवट, मग गोड. एकीने तर दुसऱ्यांदा मागून घेतले.

यानंतर तीस वर्षं मी या गोष्टीचा विचार केला असं म्हटलं तर तेही खोटं होईल. भोंडल्याचं मी पुष्कळ लिहिलं. पाट लिहिला, हत्ती लिहिला, खिरापतीचा सस्पेन्स लिहिला. ती दोघं माणसं तेवढी वगळली, आणि वगळायला काही त्रास पडला नाही. आई गेली तेव्हा तेराव्याला लोक तिच्या न्यायीपणाबद्दल बोलले आणि मी खरोखर रडले.

मग गेल्या वर्षी ग्रुपवर ठरलं, नव्वदीचा भोंडला करायचा. अर्थात मीच ठरवलं. दिंडोरी रोडला द्राक्षबागेतलं एक फार्महाऊस एका दिवसासाठी घेतलं. सगळ्यांच्या डोक्यात वेलींवर लोंबणारे घड आणि खाली फ्रॉकच्या कापडाचे कुर्ते घातलेल्या आम्ही, असा फोटो होता. जाऊन बघतो तर नुकतीच छाटणी झालेली. मैलभर बोडके वेल आणि बांबू-तारा. नाशकात जन्म काढलेल्या बायका, आणि नवरात्रात बागेत द्राक्षं नसतात एवढं एकीलाही आठवलं नाही. आठवणींच्या ठेकेदारणीलाही नाही.

त्याच्या काही महिने आधी, उन्हाळ्यात, ग्रुपमधली एक जण दिंडोरीत कोणाच्या तरी लग्नाला गेली होती, तिथे तिला ‘ती’ भेटली. खिंडारातून येणारी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे म्हणे, स्वतःची स्कूटी, स्वतःचं घर. लगेच तिला ग्रुपमध्ये घेतलं, सगळ्यांनी ‘वेलकम’चे फुगे उडवले. शिक्षिका झाली हे वाचून माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. म्हणजे झालंच की तिचं चांगलं, उलट बरंच झालं, असं मी मनातल्या मनात म्हणून मोकळी झाले. भोंडल्याला मी कोकोचे शंकरपाळे करून नेले. का नेले? मी स्वतःला सांगितलं होतं की जुन्या गमतीची आठवण म्हणून, तिला हसवायला. एखाद्या दुखण्यावर आपणच आधी हसलो की समोरच्याला तक्रार करता येत नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

डबा फेरात आणला आणि झाकण नीट लावलेलं असूनसुद्धा तिघी एकदम म्हणाल्या, चॉकलेटचे शंकरपाळे. वासावरून ओळखलं. आता ते पाकिटात मिळतात. सगळ्या हसल्या, तीही हसली, पण तिने ओळखायला तोंड उघडलं नव्हतं.

खाणंपिणं चालू झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि जरा चल म्हणाली. आम्ही पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहिलो. तिचे केस माझ्यापेक्षा जास्त पांढरे झाले होते. मी आईची चौकशी केली. म्हणजे तोंडाला आलं ते विचारलं.

“आई माझ्याकडेच असते,” ती म्हणाली. “आता माणसं विसरत चाललीय. मला कधी बहीण समजते, कधी शाळेतली बाई. पण ते एक विसरत नाही. घरी कोणी आलं की सांगते, हिनं देवाचा डबा उघडला, हिच्यापायी माझी चार घरची इज्जत गेली. माझ्या सासूला सांगून झालं, माझ्या मुलीला सांगून झालं. माझं नाव विसरली, पण मी चोर आहे हे तिच्या लक्षात आहे.”

ती खाली बघून पायाने माती सारखी करत होती. मग म्हणाली, “मला तिला एकदा खरं सांगायचंय, तिला कळतंय तोवर. हसशील तू. मी वर्गात विज्ञान शिकवते. पण शप्पथ तिच्या नावाची आहे, आणि ती अशी खाटेवर पडलेली. तोंड उघडते आणि जीभ रेटत नाही. तू एकदा सुटली म्हण. बाकी मला तुझ्याकडून काही नको.”

एक शब्द. तिने माफी मागायला सांगितलं नव्हतं, सगळ्यांसमोर कबूल कर म्हटलं नव्हतं. आसपास ऐकायला कोणी नव्हतं. ग्रुपमधल्या दोघी मोबाईल वर धरून आमच्याकडे यायला निघाल्या होत्या, पण अजून लांब होत्या. वेळ पुष्कळ होता.

मी म्हटलं, “कसली शप्पथ गं? मला नाही बाई काही आठवत.”

का म्हटलं, याचं चांगलंसं कारण माझ्याकडे नाही. घाबरले म्हणावं तर तेवढीही घाबरले नव्हते. आयुष्यभर जे सुरळीत चाललं होतं त्याला हात लावावासा वाटला नाही, एवढंच.

ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा बघितलं होतं तसंच, फार वेळ नाही.

“तुला नाही आठवत,” ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. तोवर त्या दोघी येऊन पोहोचल्या आणि आमचा फोटो काढला. फोटोत मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आहे.

निघताना तिने डब्यातले दोन शंकरपाळे कागदात बांधून मागितले. आईला देते म्हणाली, तिने केले होते पण खाल्ले नव्हते. मी मोठ्याने म्हटलं, अगं दोन काय, सगळा डबाच घेऊन जा, आपल्या मावशींसाठी. सगळ्यांनी ऐकलं. एकीने लगेच ग्रुपवर लिहिलं की ही अजून तशीच आहे, तेवढ्याच मोठ्या मनाची. तिने दोनच घेतले आणि स्कूटी काढली.

ती ग्रुप सोडून गेली नाही. मी रोज सकाळी एक आठवण टाकते आणि ती ती वाचते. कोणी कोणी वाचलं त्या यादीत तिचं नाव येतं, बहुतेक वेळा पहिलं. अंगठा देत नाही, बदाम देत नाही. महिन्यापूर्वी एकीने तिला विचारलं की आई कशी आहे. तिने लिहिलं, ‘आहे. बोलत असते.’ म्हणजे अजून वेळ आहे.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. दिंडोरी माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावरसुद्धा नाही. इथे हे सगळं लिहून काही भागत नाही, ते मला ठाऊक आहे. समोर उभं राहून म्हणावं लागतं, तो नियम माझाच आहे.

आज सकाळी मी ग्रुपवर लिमलेटच्या गोळ्यांबद्दल लिहिलं. तिने वाचलं आहे.